घरगुती विसर्जनाची सोय, हद्दीच्या अलीकडं आणि पलीकडं : पाचपैकी साडेतीन

आधी गुण सांगून टाकतो. कुंड आणि तिथली माणसं, पाचपैकी साडेचार. निर्माल्याचं पुढं काय होतं, दोन. सरासरी सव्वातीन येते. मी साडेतीन देतोय, कारण माणसं खरंच चांगली आहेत आणि मला तिथंच राहायचंय.

सेवा कुठली, तर भाद्रपदात महापालिका, जिल्हा परिषद, भोवतीच्या ग्रामपंचायती आणि एनएसएसची पोरं-पोरी मिळून घरगुती गौरी-गणपतीसाठी नदीऐवजी तात्पुरत्या कुंडात विसर्जनाची जी सोय करतात ती. पैसे लागत नाहीत, पावती नाही, फॉर्म नाही. मिसळीवर नाही तर तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर लिहिणारे कोल्हापुरात गल्लोगल्ली आहेत, या सोयीवर कोणी लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही. म्हणून हा खटाटोप.

माझं शिवाजी उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. घर मात्र शहराच्या दक्षिण टोकाला, हद्दीला चिकटून. रस्त्याच्या अलीकडच्या घरांचा घरफाळा महापालिकेला जातो, पलीकडच्यांचा ग्रामपंचायतीला. दूधवाला एक, किराणा दुकान एक, कचऱ्याची गाडी तेवढी वेगळी. 1972 ला कोल्हापूरची महापालिका झाली. त्यानंतर गावं चहूबाजूंनी शहराला येऊन भिडली आणि हद्द जिथल्या तिथं राहिली. हद्दवाढ पाहिजे म्हणून मोर्चे निघाले, नको म्हणूनही निघाले. 2017 ला शासनानं मधला तोडगा म्हणून 42 गावांचं प्राधिकरण काढलं. त्यावर इथं लिहीत नाही, तो वेगळा आणि रक्तदाब वाढवणारा विषय आहे. आमच्यापुरतं सांगायचं तर रस्त्याच्या अलीकडं शहरातलं कुंड असतं आणि पलीकडं, चालत पाच मिनिटांवर, ग्रामपंचायतीची काहील. आमचा गणपती कुंडात जातो, थोरल्या भावाचा काहिलीत. त्यामुळं दोन्हीकडचं दरवर्षी बघायला मिळतं.

काहील म्हणजे गुऱ्हाळाचीच, गूळ आटवायची मोठी पसरट कढई. भाद्रपदात गुऱ्हाळं बंद असतात, हंगामाला अजून अवकाश असतो, त्यामुळं ती रिकामी पडलेली असते. ज्याच्या कोणाच्या डोक्यात हे पहिल्यांदा आलं त्याला माझा सलाम. नवीन काही विकत घ्यायचं नाही, टेंडर नाही, चार माणसांनी उचलून ट्रॉलीत टाकायची, शाळेच्या मैदानाच्या कडेला विटांवर ठेवायची, टँकरनं भरायची. भावाच्या गावातली आठेक फूट रुंद आहे. काठ जाड पत्र्याचा, गोल वळवलेला, हाताला कुठं लागत नाही. तळाशी उसाच्या रसाचा काळा थर बसलेला, कितीही घासला तरी जात नाही, पण त्यानं काही बिघडतही नाही. खोली मात्र गुडघ्याएवढीच. दीड फुटाची मूर्ती उभी बुडत नाही, आडवी करावी लागते. काही जणांना ते बघवत नाही. माझ्या वहिनीनं पहिल्या वर्षी तोंड फिरवलं होतं.

अलीकडचं कुंड खोल आहे. लोखंडी अँगलची चौकट, आत जाड ताडपत्री. मूर्ती उभीच्या उभी खाली जाते, बघायला बरं वाटतं. आता धंद्यातला माणूस म्हणून बोलतो. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन, आणि ते फक्त खाली दाबत नाही, बाजूलाही ढकलतं. गेल्या खेपेच्या चौकटीत मधला आडवा ताण दिलेला नव्हता, त्यामुळं लांब बाजूचं पोट बाहेर आलं होतं. पोरं तिथंच टेकून उभी. मी कडेच्या माणसाला दाखवलं, त्यानं लगेच पोरांना बाजूला घेतलं आणि दोन बांबू तिरके रोवून बाजूला टेकू दिला. ठेकेदार कोण हे विचारलं नाही. पण बाबा, पुढच्या वेळी मधोमध एक पट्टी मार, फार तर शे-दोनशे रुपयांचं काम आहे.

आता नदी सोडून हे सगळं कशासाठी, असं विचारणारे अजून आहेत, आमच्या घरातच आहेत. त्यांना मी पंचगंगेचा नकाशा सांगतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार आणि गुप्त म्हणतात ती सरस्वती. प्रयाग चिखलीला संगम, मग कोल्हापूर, मग इचलकरंजी, मग नृसिंहवाडीला कृष्णेत. म्हणजे आम्ही जे सोडतो ते खालचा पितो. 2012 ला इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं गेली, ते फार जुनं नाही. एकाच नदीवर आता दोन महापालिका आहेत, कारण 2022 ला इचलकरंजीही महापालिका झाली. शिवाय करवीर, हातकणंगले, शिरोळ तालुक्यांतल्या ग्रामपंचायती. पाणी कोणाचीच हद्द बघत नाही. म्हणून एकट्या कोणी कुंड ठेवून भागत नाही, वरच्यानं आणि खालच्यानं एकाच दिवशी ठेवायला लागतं. ते आता होतं, हेच मला यातलं सगळ्यात मोठं वाटतं. शासकीय कार्यालयं एका तारखेला एकच काम करतात हे आपण रोज कुठं बघतो?

उगाच फुशारकी नको म्हणून हेही लिहितो. गणपती वर्षातून एकदा, सांडपाणी रोज. कसबा बावड्याचं प्रक्रिया केंद्र दिवसाला 76 दशलक्ष लिटरचं, दुधाळीचं 17 दशलक्ष लिटरचं, आणि तरीही जोराचा पाऊस झाला की जयंती नाला नदीत मिसळल्याच्या बातम्या येतात. नदी फक्त गणपतीनं घाण होते असं म्हणणारा माणूस नाल्याकाठी कधी उभा राहिलेला नसतो. पण म्हणून रंग लावलेलं प्लास्टर नदीत टाकायचं, हाही काही हिशेब झाला नाही.

आणि भाद्रपदात नदीवर जाणं तसंही जोखमीचंच. राजाराम बंधाऱ्याला 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे आकडे आमच्याकडं लहान पोरांनाही पाठ असतात. पाणी उतरलं तरी घाटाच्या पायऱ्यांवर गाळ असतो. हातात पाट, पाटावर मूर्ती, मागून ढकलाढकली. आई असताना आम्ही घाटावरच जायचो, त्याची मजा वेगळी होती हे नाकारत नाही.

पीओपीवाल्यांना तर 2025 ला दुसरा मार्गच उरला नाही. 2025 मध्ये उच्च न्यायालयात बरंच काही झालं. जानेवारीत बंदी कडकपणे पाळायला सांगितलं, जूनमध्ये मूर्ती बनवायला आणि विकायला मोकळीक दिली, आणि 24 जुलैला सांगितलं की सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम कुंडातच सोडायच्या. घरातली मूर्ती कुठं सहा फुटांची असते? दोन-तीन वर्षं आम्ही शाडूची आणतो, गंगावेशीतल्या कुंभार गल्लीतून. महाग पडते, जड असते, आणि आणताना स्कूटरवर बायकोच्या जिवाला घोर. पण रात्री कुंडात सोडली की सकाळी ओळखू येत नाही. पीओपीची महिनोन्‌महिने तशीच राहते. शेजाऱ्यांनी गेल्या वर्षी घरीच बादलीत अमोनियम बायकार्बोनेट घालून पीओपीची मूर्ती विरघळवली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं शोधलेली पद्धत आहे ती, खाली खडूसारखा साका राहतो आणि वरचं पाणी झाडांना चालतं. चालतं खरं, पण अमोनियाचा वास जिन्यापर्यंत आला होता. फ्लॅटवाल्यांनी जपून.

दोन सप्टेंबर 2025, गौरी-गणपतीचं विसर्जन. पाऊस भुरभुरत होता. कुंडाजवळ लाईट भरपूर, जनरेटर वेगळा, अग्निशमनचा एक माणूस, आणि कॉलेजच्या सहा-सात मुली. हातात रबरी मोजे, पुढ्यात टेबल, टेबलावर कात्री. हार घेतला की दोरा कापून वेगळा, फुलं वेगळी. दुर्वांची जुडी सोडायची, तिचा रबर काढायचा. कापसाची वस्त्रं एका पिशवीत, कागदी झिरमिळ्या दुसरीत. थर्माकोलवर 2018 पासून बंदी आहे, तरी दोघा-चौघांकडं मखराचे तुकडे निघालेच. टेबलामागच्या मुलीनं एक शब्द वाकडा न बोलता ते बाजूच्या पोत्यात टाकले. तेरड्याच्या गौरी आल्या की मुली त्या फार जपून उतरवून घेत होत्या, मुखवटा आणि दागिने घरच्यांच्या हातात परत दिल्याशिवाय रोप पुढं जाऊ देत नव्हत्या. 'काकी, नथ बघा, नथ राहिली का.' गर्दीत हे सुचणं सोपं नाही. मला त्यातल्या एकीचा वाळूवाला प्रसंग सांगायचाय.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी आल्या होत्या, नातवाच्या हाताला धरून. मूर्ती दिली, तीनदा बुडवली, सोडली. मग आजी रिकामा पाट घेऊन तिथंच उभ्या. नातू म्हणतोय चला, त्या हलेनात. मुलीनं विचारलं, 'आजी, काही राहिलं का?' आजी म्हणाल्या, 'वाळू कुठली न्यायची गं?' आमच्याकडं विसर्जनावरनं येताना पाटावर नदीची वाळू आणतात, घरात चारी कोपऱ्यांत टाकतात, धान्याच्या डब्यात चिमूट टाकतात. कुंडाला कुठली वाळू? खाली डांबर. त्या मुलीनं पलीकडं बघितलं, इकडं बघितलं, मग म्हणाली, 'थांबा,' आणि गेली ती थेट रस्ता ओलांडून काहिलीकडं. तिथं भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, काहिलीशेजारी घमेलं भरून नदीची वाळू ठेवली होती, वर झेंडूचं एक फूल. ओंजळभर घेऊन आली. आजींनी पदरात घेतली आणि मगच पाय उचलला.

भाऊसाहेबांना नंतर विचारलं, हे कुठल्या परिपत्रकात आहे? हसले. म्हणाले, 'पहिल्या वर्षी निम्मं गाव एवढ्याचसाठी नदीवर गेलं. दुसऱ्या वर्षी घमेलं ठेवलं.' मूर्तीदान, जनजागृती, फ्लेक्स, सगळं ठीक आहे, पण लोक कशासाठी अडून बसतात हे ज्याला कळलं त्याचं कुंड चाललं. मी कुंडावरच्या मुकादमाच्या कानावर घातलंय. घमेलं हवं तर माझ्या वर्कशॉपमधलं घेऊन जा म्हणालो.

मूर्ती नदीत जाऊ नये म्हणून एके काळी अंनिसची, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीची, माणसं घाटावर उभी राहून 'विसर्जित गणपती दान करा' म्हणायची तेव्हा लोक अंगावर जायचे, मी तरुणपणी बघितलंय. आज तेच काम सरकारी टोपी घालून होतं आणि लोक रांगेत उभे राहतात. त्यात शाळांचा हात मोठा आहे. पलीकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत श्रावणातच शाडूची कार्यशाळा घेतात. पुतण्यानं केलेल्या गणपतीची सोंड उजवीकडं सुरू होऊन डावीकडं संपत होती, पण घरात तोच बसला, आणि काहिलीत सोडायलाही तोच पुढं. मोठ्यांना पटवायला पोरगं पाठवावं, फ्लेक्सचा खर्च वाचतो.

फोटोंचा मात्र कंटाळा येतो. 2020 पासून राज्याचं 'माझी वसुंधरा' अभियान आहे, शहरं आणि गावं दोघांनाही त्यात गुण मिळतात. त्यामुळं काहिलीशेजारी कोणी ना कोणी मोबाईल धरून उभाच. आरती सुरू असताना 'जरा इकडं बघा काका' म्हणणं बरं दिसत नाही. गुण मिळवा, पण आमची आरती होऊ द्या.

सार्वजनिक मंडळांचं थोडक्यात. घरचं आटोपल्यावर अनंत चतुर्दशीच्या रात्री मी रंकाळ्याजवळच्या इराणी खणीवर एक फेरी मारतोच, क्रेन बघायला. काही वर्षांपूर्वी तिथं मूर्ती खाली न्यायला सरकता पट्टा बसवलेला बघितला, तेव्हा मूर्तीपेक्षा मी गिअरबॉक्सच जास्त बघत होतो. पट्ट्यावरनं देव पाठवायचा का, यावर वादही झडले. माझं मत, क्रेनच्या पट्ट्यात लटकण्यापेक्षा सरळ उभं राहून जाणं बरं. बाकी त्या गर्दीचं कौतुक करायला दुसरे पुष्कळ आहेत.

आता निर्माल्याचे ते दोन गुण.

पाईप गळतो तो जोडावर, मधे नाही. इथंही तसंच. कुंड चांगलं, काहील चांगली, मुलींनी निर्माल्य वेगळं करून पोती भरली, तोंडं बांधली. अलीकडची पोती आणि पलीकडची पोती रस्त्याच्या कडेला एकाच झाडाखाली ठेवली, कारण तिथंच ट्रॅक्टर वळतो. एका ठेकेदाराची गाडी आली, निम्मी उचलली आणि गेली. उरलेली कोणाची, याचा निकाल काही लागेना. बाहेरनं सगळी पोती सारखीच, कोणावर नाव नाही. मी बरेच फोन केले. फोन उचलणारा प्रत्येक जण सभ्यपणे बोलला आणि प्रत्येकानं मला दुसरा नंबर दिला. एका साहेबांनी तर विचारलं, 'झाडाच्या कुठल्या बाजूला?' तोवर पाऊस लागला, आतली फुलं कुजली, काळं पाणी रस्त्यावर, वर कुत्र्यांनी दोन पोती फाडलेली. ज्या झेंडूला आम्ही नमस्कार केला तोच चपलेखाली यायला लागला. त्या मुलींनी इतकं निगुतीनं वेगळं केलेलं सगळं एकत्र झालं, याचं मला जास्त वाईट वाटलं.

शेवटी शाळेतल्या सरांनी मार्ग काढला. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याचा ट्रॅक्टर, डिझेल आम्ही चौघांनी घातलं, आणि पोती शाळेमागच्या खड्ड्यात गेली. हरित सेनेच्या मुलांनी वर शेणकाला आणि पाचट टाकलं. पुढं दिवाळीनंतर खड्डा उकरला तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो. काय कुजलं आणि काय नाही हे मुलांनी फळ्यावर लिहिलं होतं. फुलं, दुर्वा, विड्याची पानं गेलेली. केवड्याचं पान चिवट, अर्धवट राहिलेलं. नायलॉनचा दोरा जसाच्या तसा, काचमणी धुतल्यासारखे चकचकीत, आणि 'शुद्ध कापूस' म्हणून विकलेल्या एका वस्त्रमाळेतला प्लास्टिकचा धागा. त्या धाग्यावर पोरांनी लाल खडूनं गोल केला होता. खत शाळेच्या परसबागेत गेलं, वांगी बरी आली म्हणतात. हे सगळं छान झालं, पण ते सरांच्या ओळखीनं झालं, आणि सरांची बदली झाली की काय? याला सोय म्हणत नाहीत.

पैशांचं कारण मला कोणी सांगू नये. पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामपंचायतींच्या निधीतला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता. ट्रॅक्टरची एक फेरी त्यात बसत नसेल असं होणार नाही. प्रश्न फेरीचा नाही, ती कोणाच्या वहीत लिहायची याचा आहे. वर बैठका एकत्र होतात, तारीख एक ठरते, कुंडं एका दिवशी भरतात. तसंच पोती उचलायचंही हद्दीच्या दोन्हीकडं मिळून एकच गाडी आणि एकच माणूस नेमा. वर्षाआड एकेकानं पैसे द्या, नाही तर निम्मे-निम्मे. आमच्या उद्यमनगरात दोन वर्कशॉप मिळून एक क्रेन वापरतात, त्याला कधी शासन निर्णय लागला नाही.

आणखी एक, छोटं पण लाजिरवाणं. दुपारपासून रात्री उशिरापर्यंत उभ्या राहिलेल्या मुलींसाठी स्वच्छतागृह नव्हतं. आळीपाळीनं आमच्या घरी येत होत्या, बायकोनं चहा-पोहे केले, त्याचं काही नाही. पण जिथं शेजारी दार उघडत नसतील तिथं काय होत असेल? फिरतं स्वच्छतागृह महापूजेला, सभेला, क्रिकेटच्या सामन्याला येतं, तर इथंही येऊ दे.

जाणाऱ्यांसाठी. संध्याकाळी सहानंतर रांग कोपऱ्यापर्यंत जाते, चारच्या सुमारास गेलात तर निवांत. आरती घरीच करून निघा. हाराचा दोरा, दुर्वांचा रबर, वस्त्राची माळ घरीच सोडवून पिशव्या वेगळ्या बांधा, तेवढाच त्या मुलींचा वेळ वाचतो. मूर्ती दीड फुटाच्या वर असेल आणि आडवी करणं मनाला पटत नसेल तर काहिलीकडं न जाता कुंडाकडं या, आणि वाळू हवी असेल तर कुंडाचं झाल्यावर काहिलीकडं जा. निर्माल्याच्या पोत्यावर खडूनं कुठलं कुंड ते लिहा. मी यंदा पेंटचा डबा आणि ब्रश घेऊनच जाणार आहे.